तो, ती आणि ‘ते’ ध्यान

एक कादंबरी आहे. तिच्यात एका देशाच्या राजाला दिवस जातात. राजाला, राणीला नाही! आणि त्या देशात कुणालाच यात अशक्य असं काही वाटत नाही. कारण तिथं कुणी कायमचा पुरुष नाही आणि कुणी कायमची बाई नाही. महिन्यातले बरेचसे दिवस सगळे नुसतेच माणूस. मग थोडे दिवस शरीर एका बाजूला झुकतं. कधी बाईच्या, कधी पुरुषाच्या. कुठल्या बाजूला, ते आधी सांगता येत नाही. त्यामुळे एका मुलाची आई असलेली व्यक्ती दुसऱ्या मुलाचा बाप असू शकते, आणि ‘पोरांकडे कोण बघणार’ हा प्रश्न तिथं जन्मभर एकाच पार्टीच्या गळ्यात पडत नाही.

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ही ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’. साल १९६९. सायन्स फिक्शनमधली नेब्युला आणि ह्यूगो ही दोन्ही मोठी बक्षिसं तिला मिळाली. ‘सायन्स फिक्शन? नको बाबा’ म्हणून पान उलटू नका. यात लेझर गन वगैरे जवळजवळ नाहीच. एक बर्फाळ ग्रह आहे, पृथ्वीवरून तिथं गेलेला गेन्ली आय नावाचा एक पुरुष आहे, आणि त्याचं पूर्णवेळ काम म्हणजे गोंधळून जाणं.

मला या पुस्तकातली सगळ्यात आवडती गोष्ट सांगू? त्यातली माणसं अगदी साधी आहेत. पंतप्रधान आहे, कागद अडवणारे बाबू आहेत, आणि गेन्ली जिथं भाड्यानं राहतो तिथला एक जाडगेला, चौकस, बडबड्या घरमालक आहे. गेन्ली त्याला मनातल्या मनात ‘घरमालकीण’ म्हणतो! का? तर तो गोलमटोल आहे आणि दुसऱ्याच्या खोलीत डोकावतो. लेखिकेनं आपल्याला किती अलगद पकडलंय बघा. गप्पिष्ट माणूस दिसला की आपल्या डोक्यात बाई, आणि हुकूम सोडणारा दिसला की बुवा. समोरच्या शरीरात तसं काहीही नसलं तरी.

अशा पात्रांना इंग्रजीत अँड्रोजिनस म्हणतात. म्हणजे ज्यांच्यात बाई आणि पुरुष दोन्ही आहेत, किंवा ज्यांच्याकडे बघून पटकन काही ठरवता येत नाही अशी. अमेरिकन कथा-कादंबऱ्यांत अशांची बरीच मोठी फॅमिली आहे. ‘लिटल वुमेन’मधली जो आठवते? १८६८ ची कादंबरी. आपण मुलगा का नाही झालो म्हणून हळहळणारी, आणि घराला पैसे हवेत म्हणून आपले लांबसडक केस विकून येणारी. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधली (१९६०) स्काउट ओव्हरऑल घालून हुंदडते आणि आत्याला तिला फ्रॉकमध्ये कोंबायचं असतं. पण या पोरी आहेत. आणि पोरींना लहानपणी ही सूट सगळीकडेच मिळते.

आपल्याकडे तर कौतुकानं मिळते. मी वर्धा जिल्ह्यातली. आर्वीकडची. घरी पाहुणे आले की बाबा मला पुढे करून सांगायचे, ‘‘ही आमची मुलगी नाही हो, मुलगाच आहे.’’ सायकल हाणते, बँकेचं काम करून येते, म्हणून. पाहुणेही माना डोलवायचे. तुमच्यापैकी कितीजणींनी हे वाक्य ऐकलंय? हात वर करा. आता उलटं करून बघा. ‘हा आमचा मुलगा नाही हो, मुलगीच आहे’ असं अभिमानानं म्हणणारा बाप वर्ध्यात, नागपुरात, पुण्यात, मुंबईत कुठेही मला दाखवा. माझ्याकडून एक प्लेट तर्री पोहे! आमच्या वर्गात एक मुलगा होता. रांगोळी अशी काढायचा की आम्ही मुली बघत राहायचो. पाचवीपासून दहावीपर्यंत त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारली नाही. जे म्हणायचे ते इथं छापण्यासारखं नाही, आणि म्हणणाऱ्यांत सर लोकही होते.

मुलगी ‘मुलगा’ झाली तर प्रमोशन. मुलगा ‘मुलगी’ झाला तर डिमोशन. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर एवढं सोपं आहे ते.

आता जरा व्याकरण. घाबरू नका, पटकन संपवते. ले ग्विननं आपल्या या ना-बाई-ना-पुरुष माणसांसाठी संपूर्ण पुस्तकात ‘ही’ म्हणजे ‘तो’ वापरला. त्यावरून तिला भरपूर बोलणी बसली. सगळे ‘तो’ म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सगळे पुरुषच उभे राहतात, मग उपयोग काय? आधी तिनं स्वतःची बाजू मांडली. मग १९७५ मध्ये त्याच ग्रहावरची आपली एक जुनी गोष्ट पुन्हा छापताना सगळ्यांना ‘ती’ करून टाकलं. आणि १९८० च्या दशकात मोकळेपणानं लिहिलं की या ‘तो’बद्दलचं तिचं मत आता बदललंय. पुढे २०१३ मध्ये अ‍ॅन लेकी नावाच्या दुसऱ्या अमेरिकन लेखिकेनं ‘अ‍ॅन्सिलरी जस्टिस’मध्ये सरळ सगळ्यांनाच ‘ती’ म्हटलं. सैनिक ती, सेनापती ती, खलनायकही ती. वाचताना सुरुवातीला जाम चिडचिड होते. पन्नास पानांनंतर विसरायला होतं.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय प्रॉब्लेम आहे? मराठीत तर तिसरं लिंग आहेच की! तो, ती, ते. पाठच आहे. मलाही आधी वाटलं की ही कादंबरी मराठीत आणणं इंग्रजीपेक्षा सोपं असेल. पण जरा आठवून बघा, ‘ते’ आपण माणसांमध्ये कुणाला म्हणतो? ते बाळ. ते लेकरू. ते पोरगं. म्हणजे अजून मोठं न झालेलं माणूस. आणि दुसरं? ते येडं. ते ध्यान. ‘काय ते ध्यान आलंय बघ!’ म्हणजे ज्याच्यावर हसायचं असं माणूस. मोठ्या, शहाण्या, पगार घेणाऱ्या माणसाला ‘ते आलं’ म्हटलं की तो सरळ अपमान. आदरानं बोलायचं तरी सुटका नाही. साहेब असतील तर ‘ते आले’ आणि मॅडम असतील तर ‘त्या आल्या’. आदरालाही मराठीत आधी बाई की बुवा ते विचारावं लागतं. इंग्रजीत ‘आय वेंट’ म्हणून मोकळं होता येतं, आपल्याला स्वतःबद्दल बोलतानाही गेलो की गेले ते ठरवावं लागतं. (कोल्हापूरच्या पोरी ‘मी येतो’ म्हणतात आणि बाकीचा महाराष्ट्र त्यावर हसतो, ते वेगळं. मला तर ते भारी वाटतं.)

म्हणजे भाषेत मधली जागा आहे, पण ती लहान मुलांसाठी आणि चेष्टेसाठी राखून ठेवलेली. आणि गंमत अशी, की आपल्या नाटक-सिनेमातही अगदी तसंच घडलं.

तुम्ही म्हणाल, कसं काय? आपण तर बालगंधर्वांचे भक्त! बरोबर. तिथूनच सुरुवात करू. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. ‘मानापमान’मधली भामिनी (१९११), ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी (१९१६), ‘एकच प्याला’मधली सिंधू (१९१९). घरंदाज बाईनं स्टेजवर पाऊल ठेवणं म्हणजे बदनामी, असा तो काळ. मग बाई कोण होणार? पुरुषच. आणि हा पुरुष अशी बाई झाला की प्रेक्षकांतल्या खऱ्या बायका त्याचं बघून साड्या नेसायला लागल्या. पदर कसा घ्यावा, गजरा कुठे माळावा, दागिने कुठले घालावेत. आजच्या भाषेत बालगंधर्व त्या काळाचे सगळ्यात मोठे फॅशन इन्फ्लुएन्सर होते. २०११ मध्ये सुबोध भावेचा ‘बालगंधर्व’ आला तेव्हा मल्टिप्लेक्समध्ये कोल्ड कॉफी पिणाऱ्या आपल्या पिढीलाही हे कळलं.

पण मला त्यात अडकायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी. महाराष्ट्रातल्या बाईनं ‘बाईसारखं’ कसं दिसावं हे एका पुरुषानं दाखवलं, इथपर्यंत मजा आहे. पण तो फक्त साडीचा मामला नव्हता. दारुड्या नवऱ्याचं सगळं मुकाट सोसणारी सिंधूही त्यांनीच उभी केली आणि थिएटरं ढसाढसा रडली. म्हणजे बाईनं किती सोसावं, हा क्लासही पुरुषानेच घेतला. ज्याला आपण नियम मोडणारा म्हणून मिरवतो, त्यानं नियम उलट पक्का केला. आणि समाजाला तो इतका आवडला यात मग नवल नाही. तो पूर्णपणे पलीकडे जायचा आणि पडदा पडला की पूर्णपणे परत यायचा. स्टेजवर शंभर टक्के रुक्मिणी, बाहेर नारायणराव. मध्ये कुठं थांबणं नाही. १९६४ मध्ये पद्मभूषणही मिळालं.

मध्ये थांबणाऱ्याचं काय झालं? त्याचं नाव नाच्या.

तमाशातला नाच्या बाई होत नाही. मिशी काढलेली, डोळ्यांत काजळ, हातवारे बायकी, पण अंगावर पुरुषाचे कपडेही असू शकतात. आमच्या विदर्भातल्या दंडारीत, खडी गमतीत बाईची कामं पुरुषच करत आले, तिथंही टाळ्या पडतात आणि शिट्ट्याही. पण सिनेमानं नाच्याचा एक पक्का साचा करून टाकला आणि त्या साच्यात कायमचा बसवला गेलेला माणूस म्हणजे गणपत पाटील. कोल्हापूरचे. साठ-सत्तरच्या दशकातले तमाशापट आठवा, किंवा आईबाबांना विचारा. ते टाळी वाजवून पडद्यावर आले की थिएटर हसायला सुरुवात करायचं. डायलॉग यायच्या आधीच!

मग लोक थिएटरच्या बाहेरही हसायला लागले. पाटलांना बायको होती, मुलं होती. पण रस्त्यावरच्या माणसाला ते खरं वाटेना. ते पडद्यावर जे दिसतात तेच खरे, असं गावानं ठरवून टाकलं आणि त्याचा त्रास त्यांच्याइतकाच घरच्यांनाही झाला. दुसऱ्या कसल्या भूमिका मिळणं जवळजवळ संपलंच. २००८ मध्ये ते गेले. बालगंधर्वांना बाई समजून कुणी त्यांच्या घरच्यांना छळल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. काम तेच, पुरुषानं बायकी होण्याचं. एकाला पद्म, दुसऱ्याला टवाळी. यात संगीत नाटक ‘आपलं’ आणि तमाशा ‘त्यांचा’ हे जातीपातीचं आणि पैशाचं गणित आहे, ते आहेच. पण मला वाटतं, पूर्ण बाई होण्याला आपण कला म्हणालो आणि अर्धवट राहण्याला ध्यान म्हणालो, हेही आहे.

आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीवरून रवी जाधवनं केलेला सिनेमा १ जानेवारी २०१० ला लागला होता. गुणा कागलकरला व्हायचं असतं राजा. पिळदार पैलवान गडी. फडाला नाच्या मिळत नाही म्हणून तो स्वतः नाच्या होतो, आणि मग एकेक करून सगळं जातं. बाप, बायको, मुलगा, गावातली इज्जत. अतुल कुलकर्णीनं त्या रोलसाठी आधी अंग कमावलं आणि मग उतरवलं, त्याच्या मुलाखती तेव्हा आम्ही कात्रणं काढून ठेवायचो. सगळ्यांच्या रिंगटोनवर अजय-अतुलची गाणी होती. गुणावर बलात्कार होतो तो सीन मात्र कुणी फारसा डिस्कस करायचं नाही. लावणी डिस्कस व्हायची.

नटाला टाळ्या, नाच्याला शिट्ट्या. आता एक तिसरा प्रकार उरतो, आणि त्यासाठी मला फार लांब जायची गरज नाही. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. सेवाग्राम.

शाळेच्या ट्रिपला बापू कुटीत आम्हाला चष्मा, खडावा, कंदील सगळं दाखवलं. एक गोष्ट दाखवली नाही, ती मला खूप नंतर पुस्तकांमधून कळली. १९३६ मध्ये गांधीजी इथं, तेव्हाच्या सेगावात राहायला आले आणि जी कामं आपल्या घरांमध्ये बाईची समजली जातात ती या आश्रमात पुरुष करायला लागले. स्वयंपाक, झाडलोट, दळण, आजाऱ्याची सेवा. परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग झाला होता, त्यांना मालीश खुद्द गांधीजी करायचे. चरख्याचं तर विचारूच नका. सूत कातणं हे बऱ्याच ठिकाणी बायकांचं काम. १९२४ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या सभासदत्वालाच सूत जोडलं आणि मोठमोठे बॅरिस्टर मांडी घालून कातायला बसले. मिशांना पीळ देणाऱ्या इंग्रज साहेबापुढे मर्दानगी दाखवायची तर हा माणूस सूत काढत बसला! आशिष नंदींनी ‘द इंटिमेट एनिमी’मध्ये (१९८३) हाच मुद्दा मांडलाय. इंग्रज आपल्याला बायकी म्हणून हिणवत होते, आणि बाकीचे पुढारी ‘आम्हीही मर्द आहोत’ असं सिद्ध करत असताना गांधींनी तो खेळच खेळायला नकार दिला. त्यांची चुलत नात मनू गांधी हिनं पुस्तक लिहिलं त्याचं नावच ‘बापू, माझी आई’ अशा अर्थाचं आहे. आणि योगायोग बघा. एरिक एरिक्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं गांधींच्या मनात शिरणारं ‘गांधीज ट्रुथ’ आलं १९६९ मध्ये. ले ग्विनचा गरोदर राजा आला त्याच वर्षी.

पण थांबा, टाळ्या वाजवण्याआधी एक किस्सा. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर मुलांनी दोन मुलींची छेड काढली. गांधीजींनी काय केलं? मुलींचे केस कापले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि त्यांना ते योग्यच वाटलं होतं. पुढे मनूला सोबत घेऊन त्यांनी जे ब्रह्मचर्याचे प्रयोग केले त्यावर तेव्हाही त्यांच्या जवळची माणसं अस्वस्थ झाली होती. म्हणजे स्वतः आई होणं त्यांना जमलं, पण समोरच्या मुलीचं म्हणणं विचारायचं राहिलं. मीराबेनचं मला म्हणून जास्त कुतूहल आहे. इंग्रज अ‍ॅडमिरलची मुलगी, केस भादरलेली, खादीतली. सेगावात ती गांधींच्या आधी राहायला आली होती, आणि आज ज्या कुटीसमोर आपण चपला काढतो ती मुळात तिची झोपडी. साध्वी म्हणून तिचं डोकं गावानं चालवून घेतलं. तसंच डोकं घेऊन एखादी आयटीवाली आज आर्वीच्या एसटी स्टँडवर उतरू दे. ‘काय झालं बाप्पा हिले?’ हा प्रश्न फलाटावरच येईल.

तर नट चालतो, जोकर चालतो, साधू चालतो. देवांचं तर सोडाच, अर्धनारीश्वराच्या पाया आपण पडतोच. न चालणारं एकच माणूस आहे. शेजारच्या टेबलवरचं. ज्याला पूज्यही व्हायचं नाही आणि विनोदीही व्हायचं नाही, फक्त महिन्याच्या एक तारखेला पगार हवाय.

असं माणूस मराठीत विजय तेंडुलकरांनी आणलं. ‘मित्राची गोष्ट’, १९८१. कॉलेजमधली सुमित्रा देव, सगळे तिला मित्रा म्हणतात. बिनधास्त, मुलांसारखी वागणारी. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते आणि समोरच्या नमाच्या प्रेमात पडते. बघा, इथंही नाटक आहेच. पण बालगंधर्वांसारखं पडदा पडल्यावर तिला परत येता येत नाही, कारण ती कुठे गेलेलीच नसते. ती तशीच आहे. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा केली होती. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी, मराठी रंगमंचावर! तेव्हाच्या प्रेक्षकाच्या घशाखाली ते किती उतरलं असेल याचा विचार करते मी. गोष्ट सांगणारा तिचा मित्र आहे, साधा, बुजरा, आपल्यासारखा. त्याचं नाव बापू. (तेंडुलकरांनी हे मुद्दाम केलं का, देव जाणे.) हा बापू तिला समजून घेतो, तिच्यासाठी चिठ्ठ्या पोचवतो, शिव्या खातो आणि शेवटी कंटाळतो. मला मित्राइतकाच तो अंगावर येतो. चांगला माणूस आहे हो, फक्त त्याला दमायला होतं.

मित्रा शेवटी जीव देते.

आणि ले ग्विनच्या पुस्तकातला पंतप्रधान, एस्ट्रावेन, तोही मरतो. (हो, दोन्ही शेवट सांगून टाकले. पुस्तकांना इतकी वर्षं झाली, आता काय! आणि ‘तो’ लिहिलंय, कारण ‘ते मरतं’ लिहायला माझा हात धजत नाही. बघा, झालंच ना!) पण दोन मरणांत फरक आहे. एस्ट्रावेनला देशद्रोही ठरवलं जातं. तो गेन्लीला तुरुंगातून सोडवतो, दोघं मिळून बर्फावरून गाडी ओढत आठवडेच्या आठवडे चालतात आणि सरहद्दीवर त्याला गोळ्या लागतात. तो राजकारणापायी मरतो. देश, राजा, सत्ता यांच्या भांडणात, जसे कुठलेही पंतप्रधान मरू शकतात तसा. त्याच्या शरीराचा, त्याच्या बाई-बुवा असण्या-नसण्याचा त्या गोळीशी काडीचाही संबंध नसतो.